दौंडातली दारफाळणी

सण नीट पार पडला तर आई माझ्याजवळ राहणार होती. नाही पडला तर ती परत कोकणात जाणार होती, आणि तिथं तिला पाण्याचा तांब्या भरून देणारंही कुणी उरलं नव्हतं. हे तिनं मला दौंड स्टेशनवर उतरल्या उतरल्याच सांगितलं. बोचकं अजून हमालाच्या डोक्यावरच होतं. म्हणाली, "बाय, मी ऱ्हायाला आलेली नाय. बघाया आलंय. दारफाळणी तुझ्या घरात करीन. ती धड झाली, तर मग ऱ्हायाचा बघू."

मी मान हलवली. ती आली हेच मला पुष्कळ होतं.

आम्ही बेने इस्राएल. कुलाबा जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरची यहुदी माणसं. गावात आम्हाला शनवार तेली म्हणत. आमची माणसं तेल गाळायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून ते नाव. आमचे वडील लवकर गेले. आई तेलाची बुधली घेऊन गावोगाव फिरायची, आणि धाकट्या भावाला घरी कुणीतरी सांभाळायला हवं, म्हणून चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. चार इयत्तांत लिहाय-वाचायला आलं, हेही देवाचे उपकारच. शाळेपेक्षा मला सण जास्त आठवतात. खिरीचा सण, बिरड्याचा सण, आणि सगळ्यांत मोठा हा दारफाळणीचा.

दारफाळणी म्हणजे दारं लावून घ्यायची. आदल्या दिवशी सूर्य बुडायच्या आत गरम पाण्यानं आणि मग गार पाण्यानं आंघोळ करायची, पांढरे कपडे घालायचे, एकमेकांची माफी मागायची आणि दार बंद करायचं. दुसऱ्या दिवशी आकाशात चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्या माणसाचा स्पर्श नाही, बाहेरच्याशी बोलणंही नाही. वर्षाची पापं त्या दिवशी देवापुढं ठेवायची आणि तो माफ करतो. मशीद, म्हणजे आमचं प्रार्थनेचं घर, जवळ असली तर माणसं तिथं दिवसभर बसायची. नसली तर घरातच. गावात त्या दिवशी आमच्या आळीत कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं असं आई सांगायची. कुत्रं भुंकत असणार, पण आम्ही पोरं खरं मानायचो.

आता आई आली तेव्हा आम्ही दोघं नवरा-बायको ख्रिस्ताचे झालो होतो. ते कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

हेही आमच्यातलेच, रोह्याकडचे. दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होते. लग्न होऊन मी दौंडला आले तेव्हा घाट चढून इतक्या लांब मी कधी आलेच नव्हते. समुद्र नाही, नारळ नाही, हिरवं काही नाही. कोळशाची भुकटी तेवढी होती. दांडीवर धुणं वाळत घातलं की त्यावर काळे ठिपके पडायचे. पहिलं बाळंतपण तिथंच झालं. बाळ राहिलं नाही आणि मला ताप भरला. शेडमधल्या कुणीतरी ह्यांना सांगितलं की शिरूरला मिशनचा दवाखाना आहे, तिथं न्या. ह्यांनी मला ट्रकच्या पुढच्या सीटवर बसवून नेलं. वाट मला आठवत नाही. दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा एक थोराड बाई माझ्या कपाळावर ओला फडका ठेवत होती, ते मात्र आठवतं.

ती बायबलबाई. मिशनची. आधी दवाखान्यात सुईणकाम केलेली, मग खेडोपाडी जाऊन बायांना वाचून दाखवणारी. तिनं माझी घाण काढली, मला भरवलं. माझ्या मेलेल्या लेकराला तिनं स्वतःच्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून पुरलं होतं, आणि ते तिनं मला फार दिवसांनी सांगितलं. ख्रिस्ताचं नाव तिनं मला पहिल्यांदा सांगितलं तेही तिच्या तऱ्हेनंच. मी म्हटलं, बाई, आम्ही यहुदी, आमचं वेगळं. तर ती हसून म्हणाली, "अगं येडे, तो तुझ्याच जातीचा की. आम्ही परक्यांनी त्याला घरात घेतलं, आन् तुम्ही भाऊबंद व्हय त्याचे, तुम्ही दाराबाहेर उभा ठेवलाय." मला त्याचं हसू आलं, आणि बाळ गेल्यानंतर मी पहिल्यांदाच हसले होते. त्यानंतर वर्षभरात हे आणि मी, दोघांनी शिरूरला बाप्तिस्मा घेतला. कुणी जोर केला नाही. मनापासून घेतला, आणि आजही त्या मनात बदल नाही.

मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, माणसं आमच्यावर फार जीव टाकायची. शिरूरला रविवारी गेलो की बाया आपली पोरं आणून दाखवायच्या, बघा, ही येशूच्या गणगोतातली. एका म्हातारीनं तर माझ्या नाकाला हात लावून पाहिला. एकदा पवित्र सप्ताहात पाळकसाहेबांनी मला सांगितलं की वल्हांडणाच्या, म्हणजे मिसर देशातून सुटल्याच्या सणाच्या, बेखमीर भाकरी करून दाखवा, मंडळीला कळेल. मी घाबरतच केल्या. तांदळाच्या, पातळ. बायांनी त्या हातात घेऊन उलट्यापालट्या केल्या, आणि एक जण म्हणाली, "खमीर न्हाई म्हंजी काय? आमच्या बाजरीच्या भाकरीत तरी कवा असतं? मग आम्ही रोजच वल्हांडण करतोय म्हणा की." सगळी मंडळी हसली. पाळकसाहेबही हसले. मीही हसले. पण त्यांनी त्या भाकरी उरल्यावर शेळीला घातल्या, ते मी बघितलं. त्यांचं चुकलं नव्हतं. त्यांना ती भाकरीच होती.

घरी मात्र आम्ही मेलो होतो. भावानं कार्ड पाठवलं, त्यात तेच लिहिलं होतं. आईला लिहिता-वाचता येत नाही. ते तिनं सांगून लिहवलं की त्यानं आपल्या मनानं लिहिलं, ते मी कधी विचारलं नाही. मग भाऊ इस्राएल देशात गेला. जहाजात बसायच्या आधी आईला सांगून गेला की बस्तान बसलं की बोलावतो. तिकडून बोलावणं काही आलं नाही. गावातल्या आमच्या आळीतली घरं एकेक करून कुलूपबंद होत गेली, कुणी मुंबईला, कुणी देशाला, म्हणजे त्या देशाला. आई शेवटी एकटी राहिली. डोळ्यात फुलं पडायला लागली. चुलीत लाकूड कुठं सारलं ते दिसेना. तेव्हा तिनं शेजारच्या आगऱ्याकडून मला चिठ्ठी लिहवून घेतली, आणि हे तिला आणायला गेले.

क्वार्टरच्या दारावर चौकटीला आमच्या लग्नातली मेझुझा होती, म्हणजे शेमाच्या, आमच्या मुख्य प्रार्थनेच्या, वचनांची लहानशी डबी. ती आम्ही काढली नव्हती. पाळकसाहेबांनी विचारलं नव्हतं, आम्ही सांगितलं नव्हतं. आईनं पायरी चढताना चाचपत हात वर नेला, तिला ती सापडली. तिनं बोटं लावून ओठाला टेकवली आणि आत आली.

त्यानंतर मी काय काय केलं ते आता आठवलं तरी दम लागतो. नवी मडकी आणली. घरात मटण-कोंबडी शिजवणंच बंद केलं, कारण आमच्या रीतीनं कापणारा दौंडात कुणी नव्हता आणि आईला शंकाच नको. ह्यांनी चुना कालवून भिंतींना लावला. मी नारळ शोधत बाजारात फिरले. मनुका भिजवल्या, सरबतासाठी. आई खाटेवर बसून सगळं ऐकायची. दिसत कमी होतं, पण तिचे कान फार तिखट. मडकं कुठल्या कोपऱ्यात ठेवलं तेही सांगायची. कधी म्हणायची, "तू एवढी तडफडू नको गो. सण काय तुझा सासरा हाय?"

दौंडात आमच्या लोकांचं एक घर होतं, रेल्वेतल्या गार्डाचं. ते दरवर्षी सणाला पुण्याला मशिदीत जायचे. गार्डाची बायको आईला न्यायला आली. मला तिनं बाहेरूनच हाक मारली, आत आली नाही. आईला म्हणाली, मावशी, आमच्यासंगं चला, तिकडं आपली माणसं आहेत, प्रार्थना सांगणारा हजान आहे, तुमचा सण रीतीनं होईल. आईनं जायला हवं होतं. कुठल्याही शहाण्या बाईनं तेच केलं असतं. आई म्हणाली, "लेकीच्या घरात एकदा बघतंय. नायतर पुढल्या वर्षी तुमच्यासंगं येईन." गार्डाच्या बायकोनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, कीव होती. मला राग परवडला असता.

मी स्वतः उपास धरावा का, हा माझ्या जीवाला घोर होता. पाळकसाहेबांनी एकदा शिकवताना सांगितलं होतं की जुन्या करारातले सगळे सण म्हणजे येणाऱ्या गोष्टीची सावली, आणि ती गोष्ट म्हणजे ख्रिस्त. वस्तू आली की सावलीला कोण धरून बसतं, असं ते म्हणाले. मला ते पटलं होतं. आजही पटतं. पण दौंडच्या उन्हात राहणाऱ्या बाईला सावली सोडून द्या म्हटलं की ती एकदम सोडवत नाही. शेवटी मी ठरवलं की मी उपास पापासाठी धरत नाही. आईसोबत बसायचं म्हणून धरते. देवाला सांगून टाकलं. त्याला कळलं असावं.

ह्यांना सुट्टी नव्हती. सण सोमवारी, आणि शेडमध्ये ड्यूटी होती, म्हणून हे आधीच म्हणाले की मी त्या दिवशी शेडमधल्या एका मित्राकडं राहतो, घरात येणं-जाणं नको. ह्यांना आईबद्दल फार आदर होता. रविवारी दुपारी मात्र हे दौंडातल्या उपासनेला गेले. तिथं शिरूरची बायबलबाई आलेली होती, महिन्यातून एकदा यायची तशी. तिनं विचारलं, पोरगी कुठाय, दिसत न्हाई. ह्यांना बोलायची आवड. हे उभे राहिले आणि सगळ्या मंडळीला दारफाळणी समजावून सांगितली. बायबलातल्या लेवीय पुस्तकातलं महायाजक, बोकड, पांढरी वस्त्रं, सगळं. चांगलं बोलले म्हणे. लोकांनी नंतर कौतुक केलं. आणि मग शेवटी सांगितलं, माझी सासू, साठीची, दिसत नाही, अशक्त, ती आज सूर्यास्तापासून उद्या रात्रीपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही. हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. बायबलबाईनं ते सुईणीच्या कानानं ऐकलं.

रविवारी सूर्य बुडायला आला तेव्हा आम्ही दोघी पांढऱ्या लुगड्यांत, ओले केस मोकळे सोडून उभ्या होतो. मी आईपुढं वाकले, तर तिनं मला वाकू दिलं नाही. आमच्यात दोन्ही हात पुढं करून एकमेकींच्या हातांना लावायचे आणि बोटं ओठांना टेकवायची, त्याला हातबोशी म्हणतात. माझा बाप्तिस्मा झाल्यापासून आईनं मला हातबोशी दिलेली नव्हती. स्टेशनवरसुद्धा नाही. आता तिनं दोन्ही हात पुढं केले. "माझा काय चुकला असंल तं माफ कर," ती म्हणाली. मी म्हटलं, "माझंही." तिनं बोटं ओठाला लावली आणि म्हणाली, "तुझा चुकलाय का नाय ते माझ्या डोक्यात बसत नाय. देव बघील. माफ केला." मग मी दाराला कडी लावली.

त्या वेळी मला वाटलं की ती राहणार.

सोमवारी सकाळपासून शेजारणींची कुजबुज बाहेर ऐकू येत होती. त्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की हाक मारू नका, दूधवाल्यालाही आज नको सांगा. तरी पलीकडची म्हणत होती, देवी-बिवी तर आली न्हाई ना घरात? आई खाटेवर बसून शेमा म्हणत होती. पुस्तक तिला येत नव्हतं. पाठ होतं तेवढं म्हणायची, आणि ते संपलं की आब्राहामाचं, योसेफाचं कीर्तन गुणगुणायची, मराठीतलं, लहानपणी ऐकलेलं. मधेच थांबून विचारायची, सूर्य कुठं आला? मी फटीतून बघून सांगायची. दुपारी पत्र्याचं छप्पर तापलं, इंजिनं शंटिंग करत होती, भिंत हादरायची. आईचे ओठ सुकले होते. मला भीती वाटायला लागली, पण तिचा आवाज स्थिर होता. एकदा ती म्हणाली, "लहानपणी तू मधल्या वेळंला रडायचीस. मी तुला चोरून गूळ दिलेला. सांगू नको कुणाला." कुणाला सांगणार होते मी.

ऊन कलायला लागलं तेव्हा दार वाजलं.

मी बोलले नाही. पुन्हा वाजलं. मग आवाज आला, "पोरी, मी हाय. दार उघड." बायबलबाईचा आवाज. रात्री ती मंडळीतल्या कुणाकडं राहिली होती, तिची शिरूरची एस. टी. संध्याकाळची होती, आणि गाडीच्या आधी ती आम्हाला बघायला आली होती. गावाच्या त्या टोकापासून उन्हात चालत. मी जागच्या जागी उभी राहिले. बाहेर ती म्हणत होती, म्हातारीला काय झालं तर नाही ना, अगं बोल तरी, मी उन्हात उभी हाय.

आईनं हळू आवाजात विचारलं, कोण? मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं की ही तीच. शिरूरची. आईला मी तिच्याबद्दल सगळं सांगितलं होतं, फडक्यात गुंडाळलेल्या बाळाचंसुद्धा. आईचे हात मांडीवर होते. मग म्हणाली, "उघड."

मी म्हटलं, आई, आज दारफाळणी आहे.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तुझा जीव राखला तिनं. ती उन्हात उभी ऱ्हाईल आन् मी आत बसून देवाकडं माफी मागू? उघड तू."

मी कडी काढली.

बाई आत आली ती घामानं निथळत, हातात तांब्या. लिंबूपाणी करून आणलं होतं, वर फडकं बांधून. आत आल्या आल्या तिनं आईची नाडी धरली, डोळ्याच्या पापण्या उघडून बघितल्या. ती सुईण होती, हात आपोआप जात होते. आई आक्रसून बसली. बाईनं तांब्या तिच्या तोंडाशी नेला. म्हणाली, आई, दोन घोट घ्या, देव काही रागवायचा न्हाई. आईनं मान वळवली. बाईनं पुन्हा नेला. आईनं पुन्हा मान वळवली. तेव्हा बाईनं तांब्या खाली ठेवला आणि तिच्या शेजारी खाटेवर बसली, आणि फार प्रेमानं बोलायला लागली. की आई, तुम्ही एवढा उपास करता, तुमची भक्ती बघून आम्हाला लाज वाटते. पण ज्या प्रायश्चित्तासाठी तुम्ही दार लावून बसलात, ते झालंय. एकदाच, सगळ्यांसाठी. आता दार लावायची गरज न्हाई. ती हे आईला हरवायला बोलत नव्हती. तिला खरंच दुःख होत होतं की ही बाई अजून तहानलेली बसली आहे.

आई म्हणाली, "तुमचा उपकार मोठा हाय, बाई." एवढंच.

मग बाईनं आईच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना करायला लागली. मोठ्यानं, मंडळीत करतात तशी. आब्राहामाच्या, इसहाकाच्या, याकोबाच्या देवा, असं सुरू केलं. ते शब्द आईच्या ओळखीचे. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि मान खाली घातली. बाईनं देवाचे आभार मानले, या लेकीसाठी, या आईसाठी, मागितलं की तिच्या पापांची क्षमा कर, तिच्या डोळ्यांना उजेड दे. आई हळूहळू पुढं-मागं डुलायला लागली, जशी मशिदीत डुलायची. आणि बाई म्हणाली, हे सगळं येशूच्या नावानं मागते, आमेन.

आणि आई म्हणाली, "आमेन."

तिनं ते म्हटलं नाही. ते निघालं. लहानपणापासून प्रार्थनेच्या शेवटी आमेन म्हणायचं, हे तिच्या हाडात होतं. कुणीही देवाचं नाव घेऊन आमेन म्हटलं की तिचे ओठ हलायचेच. पण बाईनं ते ऐकलं. ती रडायलाच लागली. आईला दोन्ही हातांनी कवटाळलं. प्रभूची स्तुती असो, प्रभूची स्तुती असो, म्हणत राहिली. मी म्हटलं, बाई, तसं नाही. पण माझा आवाज तिच्यापर्यंत गेला नाही. तिची गाडीची वेळ झाली होती. ती डोळे पुसत गेली. तांब्या तसाच राहिला.

आईनं मला कडी लावायला सांगितली. मी लावली. मग चांदण्या दिसेपर्यंत ती शेमासुद्धा म्हणाली नाही.

चांदण्या दिसल्यावर मी सरबत आणि पुऱ्या पुढं ठेवल्या. तिनं चाचपत उठून माठातून आपल्या हातानं पाणी घेतलं आणि प्यायली. पुरीला हात लावला नाही. मी तिच्या पायाशी बसले. ती म्हणाली, "तुझा राग नाय गो. तिचाबी नाय. माझ्याच तोंडातून गेला. तो आता परत कसा घेऊ? ती गावभर सांगंल."

मी म्हटलं, नाही सांगणार.

"सांगंल," आई म्हणाली. "आनंद झाला तिला. आनंद झालेली बाई गप बसत नाय."

तसंच झालं. एस. टी. कडं जाता जाता बाईनं मंडळीतल्या एका घरी सांगितलं होतं. गार्डाचं कुटुंब पुण्याहून परत आलं, त्याच्या आत दौंडच्या मंडळीत पसरलं होतं की फिटरच्या सासूनं विश्वास ठेवला, महाप्रायश्चित्ताच्या दिवशीच ठेवला. क्वार्टर्सपर्यंत यायला त्याला वेळ लागला नाही. गार्डाची बायको पुन्हा बाहेर येऊन उभी राहिली. "मावशी, लोक काय म्हणतात ते खरं हाय का?" आई खाटेवर बसली होती. ती नाही म्हणू शकली असती. पण तिनं आमेन म्हटलं होतं, आणि दारफाळणीच्या आठवड्यात खोटं बोलायचं नाही अशी तिची रीत. ती गप्प राहिली. गार्डाच्या बायकोनं पदर सावरला आणि गेली. तिचा नवरा कोकणातल्या आमच्याच लोकांतला होता. आता हे तिकडं कळणारच होतं.

हे शिरूरला गेले, बाईला सांगायला. परत आले ते थकून. बाईनं सगळं ऐकून घेतलं म्हणे. मग म्हणाली, मी माझ्या कानानं ऐकलंय, तिच्या तोंडून बोलवून घेतलं ते आत्म्यानं, तुम्ही तिला आता मागं खेचू नका. वर त्यांना जेवायला घातलं, आईसाठी तूप दिलं. तिच्याशी भांडावं असं काही तिच्यात नव्हतं. मी तेव्हाही तिच्यावर रागावू शकले नाही आणि पुढं ती वारली तेव्हा तिच्या मातीला मी गेले, रडले.

आई म्हणाली, आता गेलंच पाहिजे. ती गेली नाही तर तिकडं खरं धरतील, आणि मग आमच्या कब्रस्तानात तिला जागा मिळायची नाही, नवऱ्याशेजारी. तिला दुसरं काहीच नको होतं. मी तिला धरलं, सोडू नये असं धरलं. मी म्हटलं, इथं राहा, मी तुझी डोळ्यांत तेल घालून राखण करीन, आम्ही कुणाला दारात उभं करणार नाही. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "तुझ्या दारात लोक यायचेच गो. चांगली माणसा हायेत. ती यायचीच."

हे तिला मुंबईपर्यंत सोडून आले. तिथून तिला तिच्या चुलत जावेनं किनाऱ्यावरच्या आपल्या गावी नेलं.

पुढच्या पावसाळ्याआधी मी गेले तिला बघायला. मुंबईहून लाँचनं रेवसला, तिथून एस. टी. नं पुढं. जावेचं घर मशिदीच्या मागंच होतं. जावेनं मला ओटीवर बसायला पाट दिला, पाणी दिलं, वाईट काही वागली नाही. पण आत ये म्हणाली नाही. तिनंच सांगितलं की आईला हजानापुढं उभं राहून सगळं सांगावं लागलं, माफी मागावी लागली, आणि लेकीच्या घरी पुन्हा राहणार नाही, तिच्या हातचं खाणार नाही, असं कबूल करावं लागलं. तेव्हा कुठं लोक जावेच्या घरी यायला लागले. आईनं ते कबूल केलं होतं आणि ती कबूल केलेलं मोडणारी बाई नव्हती.

ती आत उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून बसली होती. डोळे आता अगदी गेले होते. मी ओटीवर. मधे उंबरा. मी आणलेली बाजरी जावेनं बाजूला ठेवली होती, ती आईला चालत होती का नव्हती ते मी विचारलं नाही. आम्ही नारळाच्या भावाबद्दल बोललो. भावाचं पत्र आलं नाही, तिकडं थंडी फार असते म्हणे, याबद्दल बोललो. माझ्या पायाला भेगा पडल्यात म्हटलं, तर तू खोबऱ्याचं तेल लाव, दौंडाला मिळतं का चांगलं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, मिळतं. मिळत नव्हतं.

उन्हं ओटीवर आली, माझ्या तोंडावर. आईला ते आवाजावरून कसं कळलं कोण जाणे. ती म्हणाली, "सावलीला सरक." ओटीवर सावली उरली नव्हती, ती उंबऱ्याच्या आतच होती. मी उन्हातच बसून राहिले, आणि थोड्या वेळानं एस. टी. ची वेळ झाली म्हणून उठले.